राजर्षी शाहू महाराज आणि करवीरचा जाहीरनामा

२६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला, तेव्हा तो काढणारे छत्रपती करवीरात नव्हते. सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहण समारंभासाठी ते विलायतेस गेले होते. वय अवघे अठ्ठावीस. जाहीरनाम्याची भाषा दफ्तरी, रुक्ष. त्या तारखेपासून संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांस द्याव्यात; ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि दुसरे पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सारे मागासलेले समजावेत. ज्या शाहू छत्रपतींना पुढे राजर्षी म्हणून गौरवण्यात आले, त्यांच्या चरित्रातील निम्माअधिक संघर्ष या चार ओळींत सामावलेला आहे.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ मध्ये करवीरच्या गादीवर ते दत्तक आले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडास फ्रेझर या इंग्रज गुरूच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये वडोदऱ्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी वरिष्ठ कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते आणि कारकुनांच्या सुमारे ५०० जागांत ब्राह्मणेतर केवळ १० होते.

जाहीरनामा निघण्यापूर्वीच वातावरण तापलेले होते. राजघराण्यातील धर्मकृत्ये वेदोक्त पद्धतीने करण्यास राजोपाध्यांनी नकार दिला. वडोदऱ्यास सयाजीराव महाराजांपुढे हाच प्रश्न १८९६ मध्ये उभा राहिला होता. करवीरात तो अधिक चिघळला. 'केसरी'ने राजोपाध्यांची बाजू घेतली. मे १९०२ मध्ये महाराजांनी राजोपाध्यांचे इनाम खालसा केले. तेव्हा पोलिटिकल एजंट, मुंबई सरकार आणि शेवटी व्हाइसरॉय अशा पायऱ्या चढत तक्रारी गेल्या आणि एकामागून एक फेटाळल्या गेल्या. छत्रपतींवर बाहेरून दाब आणावयाचा, तर मार्ग इंग्रजांच्या दारावरून जात होता, हे या प्रकरणाने सर्वांस दाखवून दिले. महाराज इंग्रज सत्तेशी इतके जुळवून का वागले, याचे उत्तर पुष्कळ अंशी येथेच सापडते. त्यामुळे त्यांच्यावरील राजनिष्ठेचा आक्षेप सर्वस्वी पुसला जात नाही, पण तो नीट समजतो.

अशा वेळी पन्नास टक्क्यांचा जाहीरनामा आला. पुण्याच्या व करवीरच्या पुढारलेल्या वर्गांतून टीकेचा भडिमार झाला. नोकरी गुणांवर द्यावी, जात पाहून नव्हे. अशाने कारभार ढासळेल. राजाने प्रजेत दुही माजवू नये, असे आक्षेप होते. यांतला पहिला आक्षेप ऐकण्यास रास्त वाटतो, आणि तो घेणारे सारेच स्वार्थी होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु आधीची जवळजवळ सारी भरती एकाच वर्गातून झाली, त्यात गुणांइतकाच ओळखीचा व परंपरेचा वाटा किती, हा प्रश्न फारसे कोणी विचारीत नव्हते. स्वतः दिवाण रघुनाथ व्यंकाजी सबनीस प्रभू ज्ञातीचे. म्हणजे जाहीरनाम्याने ज्यांना वगळले त्यांपैकीच. तरीही त्याची अंमलबजावणी त्यांच्याच कारभारात झाली.

उघड टीकेपेक्षा अवघड असतो तो मुकाट विरोध. वृत्तपत्राला उत्तर देता येते. पण लायक उमेदवार मिळाला नाही, असा शेरा मारून जागा नेहमीच्या माणसाला देणाऱ्या खातेप्रमुखाला कसे पकडावयाचे? महाराजांना ही वाट ठाऊक होती. म्हणून खातेप्रमुखांनी केलेल्या नेमणुकांचे तक्ते दर तिमाहीस सादर करावेत, असे कलम जाहीरनाम्यातच घातले होते. ज्या कचेरीत मागासलेल्या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथील पुढची जागा त्यांनाच द्यावयाची, अशीही तरतूद होती. चरित्रकार तत्त्वाविषयी पुष्कळ लिहितात. या तक्त्यांकडे मात्र फारसे लक्ष देत नाहीत.

लायक उमेदवार नाहीत, हा आक्षेप पुढेही टिकू नये म्हणून वसतिगृहांचा उद्योग सुरू झाला. १८९६ चे राजाराम वसतिगृह सर्वांस खुले होते, पण प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन राहिले. नियम खुला असला तरी दार उघडतेच असे नाही, हा धडा घेऊन १९०१ मध्ये मराठा व जैन, पुढे मुसलमान, लिंगायत आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळी वसतिगृहे निघाली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. १९१२ पर्यंत वरिष्ठ कारभारातील ९५ जागांपैकी ब्राह्मणांकडे ३५ राहिल्या होत्या.

विरोध केवळ एकाच बाजूने होत होता असे मात्र नाही. राजवाड्याच्या चाकरीतील गंगाराम कांबळे यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारणारे मराठा नोकरच होते. महाराजांनी मारणाऱ्यांना कठोर शासन केले, गंगारामांना चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेत. १९१९ च्या हुकुमाने ही गोष्ट कचेरीच्या शिस्तीत आणली. सरकारी कामकाजात अस्पृश्यांना समानतेने वागवणे ज्या नोकरास पसंत नसेल, त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा. त्याला निवृत्तिवेतन मिळणार नाही, असे त्यात होते. मन पालटेपर्यंत थांबण्याची त्यांची तयारी नव्हती. वर्तन तेवढे आजच पालटावे, अशी अपेक्षा होती.

१९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले गेले, तेव्हा पुन्हा सभा झाल्या, अर्ज गेले, इंग्रज अधिकाऱ्यांची दारे ठोठावली गेली. नेमलेल्या तलाठ्यांत महारही होते. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे गौरविले. त्याच सुमारास अस्पृश्य समाजातील काही जणांना वकिलीच्या सनदा दिल्या गेल्या आणि त्यावरूनही गहजब झाला. ६ मे १९२२ रोजी मुंबईस महाराजांचे निधन झाले, तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचेही नव्हते. पुढे बेळगावास वकिली करणारे अण्णासाहेब लठ्ठे यांनी १९२४ मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. दोन वर्षांनी हेच लठ्ठे, जातीने जैन, करवीरच्या दिवाणपदावर बसले.