पंडिता रमाबाई : दुष्काळाच्या भूमीत सापडलेली आशा



बारामतीहून सुपे मार्गे चौफुल्याकडे जाणारा रस्ता आपल्या परिचयाचा आहे. इंदापूरकर भिगवण, पाटस करीत सोलापूर महामार्गाने तेथेच येऊन पोहोचतात. चौफुल्याच्या जवळच केडगाव आहे. पुणे-दौंड लोहमार्गावरील या लहानशा स्थानकाचे नाव एके काळी इंग्लंड-अमेरिकेतील ख्रिस्ती घरांतून प्रार्थनेत घेतले जात असे, हे आज त्या वाटेने जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन याच गावी उभे राहिले आणि रमाबाईंनी देह ठेवला तोही येथेच.

रमाबाई कॅथोलिक नव्हत्या, हे आरंभीच सांगितलेले बरे. त्यांचा स्नानसंस्कार अँग्लिकन चर्चमध्ये झाला आणि पुढे त्यांनी कोणत्याच पंथाशी स्वतःस जखडून घेतले नाही. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली ख्रिस्तैक्यावरील आदेशात आपल्या विभक्त बांधवांमध्ये आढळणाऱ्या ख्रिस्ती संपत्तीचा आनंदाने स्वीकार करण्यास आपणांस शिकविले आहे. आपल्या शेजारच्या तालुक्यातील ही संपत्ती आपणच विसरावी, हे आम्हांस उचित वाटत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रांगेत, गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न ब्राह्मण होते. पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत पढविले जात असल्याचे त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीसही शिकवायचे, असा निश्चय केला. सनातनी मंडळींचा रोष पत्करून त्यांनी तो पुरा केला. पुढे आई लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या वेळी लहानग्या रमेला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत करविले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत देशभर फिरे. मोरोपंतांच्या बारामतीला पुराणिकाच्या जीवनाची ओळख वेगळी करून द्यायला नको. श्रोते देतील त्या दक्षिणेवर चूल पेटत असे.

१८७०च्या दशकातील दुष्काळाने ती चूल विझली. जवळचे द्रव्य संपले, भांडी विकली गेली. मजुरी करावी तर शास्त्र्यांच्या घरात कोणी कधी केलेली नव्हती, भीक मागावी तर अभिमान आड येई. रानातील पाला आणि कंद यांवर दिवस निघाले. आधी वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली आणि नंतर थोरली बहीण कृष्णाबाई गेली. आईची तिरडी उचलण्यास चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. रमा उंचीने ठेंगणी असल्याने खांदा पुरेना, म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. स्मशान जवळ नव्हते, मैलोगणती चालावे लागले.

नेमक्या त्याच वर्षांत आपल्या भागात काय चालले होते? बारामती, सुपे आणि केडगाव ही गावे त्या काळी भीमथडी तालुक्यात मोडत. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि कर्जरोखे जाळले. त्याची झळ इंदापूरपर्यंत गेली. मागोमाग १८७६ ते १८७८चा भीषण दुष्काळ आला आणि पोटासाठी माणसे सरकारी कामांवर खडी फोडू लागली. बारामती व इंदापूरची जमीन आज भिजविणाऱ्या नीरा डाव्या कालव्याची मातीही त्याच दुष्काळाच्या सुमारास प्रथम हलली. ज्या वाचकांच्या घरी १९७२च्या दुष्काळातील सुकडीची आणि खडीच्या कामांची आठवण आजी-आजोबांनी सांगितली असेल, त्यांना त्याच्याही शंभर वर्षे आधीच्या त्या उपासमारीची कल्पना करता येईल. रमाबाईंची कथा परक्या मुलखातील नव्हे, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

उरलेली दोन भावंडे पायी चालत राहिली. रमाबाईंनी पुढे दिलेल्या हिशोबाप्रमाणे ती वाटचाल चार हजार मैलांची होती. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नसे तेव्हा वाळूत खड्डा करून ती दोघे त्यात निजत आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घेत. देवदेवतांची इतकी दर्शने घेऊन, इतके उपवास करूनही काही हाती लागले नाही, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून घर करू लागला. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुण मुलीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

सन्मान आला, पण दुःखाने पाठ सोडली नाही. १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी जूनमध्ये रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषाही वेगळी. १८८१च्या एप्रिलमध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने वारले. चोवीस वर्षे पूर्ण होण्यास अद्याप अवकाश असताना त्या विधवा झाल्या, कडेवर दहा महिन्यांचे लेकरू घेऊन.

त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हवेत असे सांगितले. वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, परंतु कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्याने तो मार्ग बंद झाला. सोबत आलेल्या मैत्रिणीचाही तिकडेच दारुण अंत झाला. परक्या देशात, लहान मुलीसह, पुन्हा एकदा मृत्यूच्या सावलीत त्या उभ्या होत्या.

वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्या राहत होत्या. या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक सेवाकेंद्र होते, तेथे त्यांना नेण्यात आले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रिया तेथे प्रेमाने वागविल्या जात होत्या, त्यांची सेवाशुश्रूषा होत होती. ज्या शास्त्रांत रमाबाई वाढल्या होत्या त्यांत अशा स्त्रीस दंड होता. तिच्यावर दया करणारा कोणी त्यांनी पाहिला नव्हता. हे कशाच्या बळावर, असे त्यांनी विचारले असता एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखविला. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीशी प्रभू येशू बोलतो, तोच हा प्रसंग. आपल्या तीन वर्षांच्या वाचनचक्रात अ वर्षी प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी आपण तो मिस्सामध्ये ऐकतो आणि पाठ असल्यामुळे कदाचित नीट ऐकतही नाही. रमाबाईंनी तो पहिल्यांदा ऐकला. नीळकंठशास्त्री गोरे म्हणजेच फादर नेहेम्या गोरे यांच्या पत्रांनी त्यांच्या बुद्धीच्या शंका फेडल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह स्नानसंस्कार घेतला.

येथे चरित्रे बहुधा घाई करतात. स्नानसंस्कार झाला आणि सर्व दुःख सरले, असे काही घडले नाही. ख्रिस्ती पंथांतील वाद पाहून त्या गोंधळून गेल्या, मठातील आपल्या धर्ममातेशीही त्यांचे मतभेद झाले. पटल्याशिवाय मान डोलावणे त्यांच्या स्वभावात नव्हते. सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानी आले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु ख्रिस्त मात्र अजून आपल्याला भेटलेला नाही. इतकी प्रांजळ कबुली आम्हां जन्मजात ख्रिस्ती लोकांच्या तोंडून सहसा निघत नाही. त्यानंतरच त्यांच्या जीवनात ती शांती आली, जिचा उल्लेख त्या पुढे वारंवार करीत राहिल्या.

मधल्या काळात अमेरिकेत जाऊन, व्याख्याने देऊन आणि पुस्तक लिहून त्यांनी साहाय्य मिळविले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हीच पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी आनंदीबाई झाली. १८९०च्या अखेरीस सदन पुण्यास आले. तेथे काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या, केसरीने टीकेची झोड उठविली, १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती. सदन धर्मनिरपेक्ष राहील या वचनावर लोकांनी विश्वास ठेवला होता, तर आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करण्यात रमाबाईंना वचनभंग दिसत नव्हता. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे.

केडगावची सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी घेतली ती सदनाला उत्पन्न असावे म्हणून. फळझाडे लावावीत आणि परक्यांच्या देणगीवर कमी विसंबावे, एवढाच बेत होता. इतक्यात १८९६चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंपाशी पैसा नव्हता, परंतु आपल्या आईची तिरडी त्यांना आठवत होती. त्या स्वतः तिकडे गेल्या. अन्नछत्रांत हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या. भुकेचा फायदा घेऊन त्या मुलींना पळविणारे लोकही पाहिले. सुमारे तीनशे जणींना घेऊन त्या परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर होता आणि बाहेरून आलेल्यांना शहरात ठेवण्यास मनाई झाली. मग केडगावच्या मोकळ्या रानात तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. योजना आखून वसविलेली ही संस्था नव्हती. जागा नाही म्हणून रानात आलेल्या भुकेल्या मुलींचा तो तळ होता.

या तळाचे १८९८ मध्ये मुक्ती सदन झाले. १८९९-१९०० साली गुजरातेत छप्पनचा दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो मुली आल्या आणि केडगावची वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. एवढ्या माणसांना पाणी कोठून आणायचे? आपल्या पूर्व भागात राहणाऱ्यांस हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. विहिरी खोदल्या गेल्या आणि रमाबाईंनी त्या जमिनीवर धान्य, भाजीपाला व फळे पिकविली. मुली विणकाम, शिवणकाम, तेल गाळणे, गाईगुरे राखणे, छपाई हे सारे शिकल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, म्हणजे फुलहॅमला जे पाहिले ते येथे उतरले. अंध मुलींसाठी शाळा झाली, ब्रेल शिकविण्यात मनोरमेचा मोठा वाटा होता.

आम्हांस या चरित्रात सर्वांत अधिक भिडते ते हेच. रमाबाईंना मिळालेली आशा मनाच्या समाधानापाशी थांबली नाही. दुष्काळाने त्यांचे जे जे नेले होते, म्हणजे अन्न, आई, बहीण, छप्पर, तेच त्यांनी दुसऱ्यांच्या लेकींसाठी एकेक करून पुन्हा उभे केले. स्वतःची भूक त्यांनी विसरून जाण्यासाठी बाजूला ठेवली नाही. हजारो मुलींना ओळखण्याची ती खूण म्हणून त्यांनी जपली.

१९०५ साली केडगावच्या मुलींमध्ये प्रार्थनेचे मोठे जागरण झाले आणि त्याची वार्ता जगभर गेली. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, तेव्हा येथे विस्तार करीत नाही.

उत्तरायुष्यात त्यांनी एक काम हाती घेतले, ते म्हणजे पवित्र शास्त्राचे नवे मराठी भाषांतर. उपलब्ध भाषांतर पंडिती वळणाचे आहे, शेतावर राबणाऱ्या अल्पशिक्षित बाईला ते कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि साध्या मराठीचा आग्रह धरला. वर्षानुवर्षे ते काम चालले.

काम पुरे होत आले असताना २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची ती एकुलती एक लेक आईचा उजवा हात होती, संस्था तिच्या हाती सोपवायची असे ठरलेले होते. वडील, आई, बहीण, भाऊ, पती आणि आता कन्या. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कान जवळजवळ गेलेले, प्रकृती खालावलेली. त्या पुन्हा मुद्रितांकडे वळल्या. काम हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांनी प्राण सोडला. तो प्रायश्चित्तकाळ होता. त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा सण अकरा दिवसांवर आला होता.

संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविण्याचे काम मुक्ती सदनातील स्त्रियांनी केले होते.