माधवरावांचें सौजन्य

मोठ्या माणसांपुढें वांकणें आणि लहान माणसांवर खेकसणें ह्या दोन्ही क्रिया एकाच मनुष्याकडून एकाच घटकेंत घडलेल्या पाहावयाच्या असतील, तर कोणत्याहि कचेरींत तासभर जाऊन बसावें. वरिष्ठ आंत आले कीं खुर्ची मागें सरते, मान खालीं जाते आणि वाणीला साखर लागते. वरिष्ठ गेले कीं तीच वाणी दाराशीं उभ्या असलेल्या शिपायाच्या अंगावर धांवून जाते. ह्यांपैकीं पहिल्या वागणुकीस सौजन्य म्हणण्याचा प्रघात आमच्या समाजांत पडला आहे. आमच्या मतें हा त्या शब्दाचा उपमर्द होय. ज्याच्यापासून आपणांस कांहीं मिळावयाचें नाहीं, ज्याचें भय नाहीं, जो उलटून बोलूं शकत नाहीं, त्याच्याशीं मनुष्य कसा वागतो हें पाहिल्यावांचून त्याच्या सभ्यतेचा दाखला देतां येत नाहीं. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांची विद्वत्ता, त्यांचें अर्थशास्त्र, त्यांचा इतिहास ह्यांविषयीं पुष्कळ लिहून झालें आहे. त्यांच्या रोजच्या वागणुकीकडे मात्र जितकें लक्ष जावयास पाहिजे तितकें गेलेलें नाहीं. म्हणून आज त्या बाजूनें त्यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें झाला. वडील गोविंदराव पुढें कोल्हापूर संस्थानच्या नोकरींत गेले, त्यामुळें बाळपण तेथें गेलें. मूल अबोल व अंगानें जड. हें पुढें कसें होणार अशी काळजी आईस वाटे. मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांत हाच मुलगा सर्वांच्या पुढें निघाला आणि १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्याची गणना झाली. वाचनाच्या अतिरेकानें डोळे अधू झाले ते कायमचे. १८७१ सालीं ते पुण्यास न्यायखात्यांत आले, आणि त्यानंतर वीस वर्षें पुण्यांतील बहुतेक सार्वजनिक संस्थांच्या मुळाशीं त्यांचा हात होता. हा सगळा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे.

पुण्यांतील त्या वर्षांची एक हकीगत आम्हांस मोठी बोधप्रद वाटते. १८७५ सालीं स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले, त्यांचीं व्याख्यानें झालीं आणि शेवटीं मित्रमंडळींनीं त्यांची मिरवणूक काढिली. जोतीराव फुले आपल्या मंडळीसह तींत सामील झाले होते. विरोधकांनीं गाढवाची मिरवणूक काढून स्वामींची थट्टा चालविली, आणि पुढें चिखलफेकीपर्यंत मजल गेली. माधवराव सरकारी न्यायाधीश होते. मनांत आणिले असतें तर गाडींत बसून ते सुरक्षित घरीं जाऊं शकले असते. ते मिरवणुकीबरोबर पायीं राहिले, चिखल अंगावर घेतला, आणि घरीं येऊन कपडे बदलतांना ती गोष्ट हंसत सांगितली. इतरांबरोबर चालावयाचें तर इतरांच्या वांट्याचें आपल्याहि वांट्यास यावयाचेंच, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पुढें त्याच शहरांतील लोकांशीं, म्हणजे चिखल टाकणारांच्या आप्तेष्टांशींहि, त्यांचें बोलणें चालणें पूर्वीप्रमाणेंच राहिलें. अपमान विसरणारे पुष्कळ असतात, पण त्यांतले बरेचसे योग्य संधीची वाट पाहत असतात. माधवरावांच्या बाबतींत तशी संधि कोणास दिसली नाहीं.

परंतु ह्याच पुरुषाच्या सौम्यतेनें दोन वर्षें आधीं एक मोठी हानि करून ठेविली होती, ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १८७३ सालीं त्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई वारल्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा एकतीस वर्षांचा सुधारक आतां विधवेशींच विवाह करील, अशी मित्रांची अपेक्षा आणि वडिलांची भीति होती. वडिलांनीं घाई केली. आणि त्याच वर्षीं अकरा वर्षांच्या एका मुलीशीं माधवरावांचें लग्न लागलें. पित्याचें मन मोडवेना, हें त्याचें कारण. आम्ही विचारतों, पित्याचें मन राखण्याची किंमत कोणीं दिली? पित्यानें नाहीं, पुत्रानेंहि फारशी नाहीं. ज्या तत्त्वावर विश्वास ठेवून कित्येक कुटुंबांनीं बहिष्कार सोसला त्या तत्त्वानें ती दिली. वडील माणसांशीं नम्रतेनें वागणें आणि त्यांच्या हट्टापुढें आपली प्रतिज्ञा सोडणें ह्यांतील भेद आमच्या घराघरांत अजून नीट उमगलेला नाहीं. हुंड्याची बोलणी मुलगे अजूनहि वडिलांवर सोंपवितात आणि त्यास आज्ञाधारकपणा म्हणतात.

ती अकरा वर्षांची मुलगी म्हणजे रमाबाई. लग्न होतांच माधवरावांनीं तिला अक्षरें शिकविण्यास आरंभ केला, आणि मराठीमागून इंग्रजी आलें. घरांतील वडील बायकांस हें मुळींच रुचलें नाहीं. टोमणे, अबोला, कामांत अडवणूक, हें सर्व त्या मुलीच्या वांट्यास आलें. माधवराव त्या बायकांवर कधीं गरजले नाहींत, आणि रमाबाईंचा अभ्यासहि एक दिवस थांबूं दिला नाहीं. उलट उत्तर करूं नये व पुस्तक सोडूं नये, असा त्यांचा उपदेश असे. हा उपदेश करणें सोपें आणि दिवसभर त्या घरांत राहून पाळणें कठीण. माधवराव कचेरींत जात, रमाबाई घरांत असत. त्यांच्या स्वभावाची आणखी एक बाजू रमाबाईंनींच नमूद करून ठेविली आहे. ते रागावत तेव्हां ओरडत नसत. बोलणेंच बंद करीत. तें मौन रमाबाईंस कोणत्याहि शब्दांपेक्षां जड जाई. आवाज न चढविणें म्हणजे हुकमत न गाजविणें असें नव्हे, हें आमच्या सभ्य म्हणविणाऱ्या पतिवर्गानें ह्यावरून ओळखावें.

तथापि पाण्याचा मोठा ओघ कोणत्या दिशेनें वाहत होता हेंहि सांगितलें पाहिजे. १८८६ सालीं सरकारनें नेमिलेल्या अर्थविषयक समितीचे सभासद म्हणून माधवराव कलकत्त्यास गेले. तेथें राहावयाचें तर तेथील भाषा आली पाहिजे, म्हणून त्यांनीं बंगाली पुस्तकें आणविलीं आणि आपण व रमाबाई दोघांचाहि अभ्यास सुरू केला. एके दिवशीं रमाबाई पाहतात तों हजामत चाललेली असून माधवराव हातांतील बंगाली मजकूर न्हाव्यास वाचून दाखवीत आहेत, आणि अडलेल्या शब्दांचा अर्थ त्यासच विचारीत आहेत. रमाबाईंनीं थट्टा केली. त्यांस त्यांत थट्टेसारखें कांहींच दिसेना. ज्यास येतें तो गुरु, मग त्याच्या हातांत वस्तरा असो कीं ग्रंथ असो. विचार करा, मुंबई इलाख्यांतील नांवाजलेला पंडित, हिंदुस्थान सरकारच्या समितीचा सभासद, आणि समोर एक गरीब न्हावी! त्या मनुष्यास त्या दिवशीं मिळालेल्या मजुरीपेक्षां तो मिळालेला मान त्याच्या अधिक दिवस स्मरणांत राहिला असेल, असें आम्हांस वाटतें. दान पैशाचेंच करावें लागतें असें नाहीं. दुसऱ्यास आपणांहून अधिक येतें असें मोकळेपणानें कबूल करणें हेंहि एक दानच आहे, आणि श्रीमंतांस व विद्वानांस तेंच अधिक अवघड जातें.

दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखालीं ते पुणें, सातारा वगैरे जिल्ह्यांतून वर्षानुवर्षें फिरले. कर्जबाजारी कुणबी आणि सावकार ह्यांचीं भांडणें तपासण्याचें तें काम. मुक्काम गांवोगांव पडे, आणि पागोटें हातांत घेऊन उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यांशीं रोजचा संबंध येई. ह्या फिरतींतून त्यांस दारिद्र्याचें जें ज्ञान झालें तेंच पुढें त्यांच्या अर्थशास्त्रावरील निबंधांत उतरलें. त्यांत गरिबाविषयीं तुच्छतेचा एक शब्दहि सांपडत नाहीं.

आतां ज्या प्रकरणावरून त्यांस स्वपक्षीयांकडूनच सर्वांत अधिक बोल लागला त्याकडे वळूं. १८९० च्या आक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाच्या निमित्तानें कांहीं प्रतिष्ठित मंडळी जमली. यजमानांनीं चहा पुढें केला. कोणीं घेतला, कोणीं नुसता हातांत धरिला. पुढें गोपाळराव जोशी ह्यांनीं सर्वांचीं नांवें छापवून टाकिलीं आणि पुण्यांत ग्रामण्य माजलें. माधवराव आणि बाळ गंगाधर टिळक हे दोघेहि त्या यादींत होते. आज वाचकांस हंसूं येईल; परंतु ज्यांच्या घरीं श्राद्धपक्षास भटजी येईनासे झाले, लेकीबाळी माहेरीं येईनाशा झाल्या, त्यांस हंसूं येत नव्हतें. माधवरावांवर स्वतः बहिष्काराचा परिणाम फारसा होण्यासारखा नव्हता. पण त्यांच्या कांहीं मित्रांच्या घरीं म्हातारी माणसें झुरत होतीं, आणि आपण प्रायश्चित्त घेतल्यास आम्हांसहि तो मार्ग मोकळा होईल, असें त्या मित्रांचें म्हणणें पडलें. १८९२ सालीं माधवरावांनीं पुण्यास येऊन प्रायश्चित्त घेतलें. रमाबाईंस ती गोष्ट अत्यंत लागली, सुधारक पक्षांत टीकेचें मोहोळ उठलें.

आमचें मत असें आहे: चहा पिण्यांत पाप नव्हतें, तेव्हां प्रायश्चित्तांत सत्य नव्हतें, आणि पुढाऱ्यानें असत्यावर आपली मुद्रा उठविली म्हणजे मागून येणारांची वाट अधिक बिकट होते. तरीहि १८७३ च्या प्रकरणांत आणि ह्यांत एक मोठा फरक आहे. तेव्हां दुसऱ्याच्या हट्टासाठीं त्यांनीं एका अजाण मुलीस पणास लाविलें होतें. ह्या वेळीं दुसऱ्याच्या दुःखासाठीं त्यांनीं आपली कीर्ति पणास लाविली. ज्यास मित्राची अडचण पाहून आपलें नांव मळवून घेवतें, त्याच्या निर्णयास चूक म्हणतांनाहि जीभ थोडी आवरावी लागते. १८९५ सालीं काँग्रेसच्या मंडपांत सामाजिक परिषद भरविण्यावरून पुण्यांत तंटा विकोपास गेला, तेव्हांहि त्यांनीं मंडपाचा हट्ट सोडला आणि परिषद निराळ्या जागीं भरविली. ह्या वेळीं तत्त्व कांहींच गेलें नाहीं. फक्त मंडप गेला.

१८९३ सालीं काशिनाथ त्र्यंबक तेलंग ह्यांच्या मृत्यूनें रिकाम्या झालेल्या हायकोर्टाच्या जागीं माधवरावांची नेमणूक झाली. त्यानंतरची एक हकीगत गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं सांगून ठेविली आहे. माधवराव पहिल्या वर्गाचे उतारू होते. बरोबरची मंडळी दुसऱ्या वर्गांत. सोलापूर स्टेशनावर ते डब्याबाहेर गेले असतां एका युरोपियन गृहस्थानें त्यांचें सामान खालीं टाकून जागा बळकाविली. माधवरावांस तें लागलें, पण त्यांनीं गवगवा केला नाहीं. पुण्यास उतरल्यावर, हा काळा मनुष्य हायकोर्टाचा न्यायाधीश आहे असें त्या गृहस्थास समजलें; तो स्वतः न्यायखात्यांतला कनिष्ठ अधिकारी! क्षमा मागण्यासाठीं तो पुढें आला, पण माधवरावांनीं पाठ फिरविली आणि ते चालूं लागले.

कोणी म्हणेल, येथें सौजन्य कोठें राहिलें? आमच्या मतें तें येथेंच पूर्णपणें दिसतें. ती क्षमा माधवराव नांवाच्या उतारूची मागितली जात नव्हती. ती हायकोर्टाच्या न्यायाधीशाची मागितली जात होती. साधा कारकून असता तर त्याचें सामान खालींच राहिलें असतें. अशी क्षमा स्वीकारणें म्हणजे त्या कारकुनाच्या अपमानास संमति देणें झालें असतें.

परंतु खरा भाग पुढेंच आहे. दुसऱ्या दिवशीं गोखल्यांनीं विचारिलें कीं, ह्या प्रकरणाची दाद लावावयाची कीं नाहीं. माधवरावांनीं सांगितलें कीं, एकाचें म्हणणें एक व दुसऱ्याचें एक असा हा प्रकार असून तो लढविण्याच्या योग्यतेचा नाहीं. मग ते क्षणभर थांबले आणि त्यांनीं उलट विचारिलें कीं, ह्या बाबतींत आपलें तरी मन स्वच्छ आहे काय. आपल्याच देशांतील अस्पृश्य म्हणविल्या गेलेल्या लोकांस आपण ह्या काळींहि कसें वागवितों. आणि तसें वागवीत असतां राज्यकर्त्यांच्या तुसडेपणास कोणत्या तोंडानें नांवें ठेवावयाचीं. अपमानाच्या दुसऱ्याच दिवशीं, अपमान ताजा असतां, ज्याच्या मनांत आपण केलेल्या अपमानांची आठवण येते असे पुरुष थोडे. आम्हांस कोणी धक्का दिला तर आम्हांस धक्का देणाराच आठवतो. आम्हीं ज्यास धक्का दिला तो आठवत नाहीं.

ते राज्यकर्ते १९४७ सालीं गेले. अस्पृश्यता १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें बंद केली. तथापि शहरांतील कांहीं नव्या उंच इमारतींत घरकामास येणाऱ्या बाईनें मालकांच्या लिफ्टमध्यें पाऊल टाकूं नये असा नियम असतो, आणि पुष्कळ शिकलेल्या घरांत तिचा कप निराळ्या कोनाड्यांत पालथा घातलेला असतो. तिला सामान खालीं टाकून कोणी उठवीत नाहीं, कारण तिला बसूंच दिलेलें नसतें. ह्या घरांतून माधवरावांची जयंती साजरी होत असेल तर त्यांनीं त्या दिवशीं व्याख्यान ठेवण्यापेक्षां तो कप इतर कपांत ठेवावा, अशी आमची विनंति आहे.

१९०० च्या डिसेंबरांत लाहोरास सामाजिक परिषद भरली, तेव्हां माधवरावांची प्रकृति फार बिघडली होती. स्थापनेपासून ज्या परिषदेस त्यांनीं वाहून घेतलें तिला जातां येईना. आपलें भाषण त्यांनीं गोखल्यांबरोबर पाठविलें. १६ जानेवारी १९०१ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. टिळकांनीं वर्षानुवर्षें त्यांच्याशीं कडाक्याचा वाद केला होता. केसरींत त्यांच्यावर मृत्युलेख लिहितांना मात्र त्यांनीं महाराष्ट्रास जागें करण्याचें श्रेय मोकळ्या मनानें त्यांस दिलें. पुढें १९०९ सालीं रमाबाईंनीं पुण्यांत सेवासदनाचें काम हातीं घेतलें, आणि तेथें पोरक्या व विधवा स्त्रिया शिक्षिकेचें व परिचारिकेचें शिक्षण घेऊं लागल्या. १९१० सालीं त्यांनीं आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत न्हावी आहे, चिखल आहे, प्रायश्चित्त आहे, आणि ज्या मौनानें त्यांस रडविलें तेंहि आहे.