सायकलच्या दुकानातून कारखान्याकडे

सायकलींचे शहर ही पुण्याची ओळख एकेकाळी देशभर होती. खडकीच्या कारखान्यांपासून खराडीसारख्या तेव्हाच्या खेड्यांपर्यंत सायकल हेच असंख्य लोकांचे वाहन होते. महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाच्या एका मोठ्या पर्वाचा आरंभही याच दुचाकीपासून झाला, याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही. नांगर आणि पंपांमुळे गावोगावी पोहोचलेले उद्योगमहर्षी लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्या व्यवसायाचा श्रीगणेशा बेळगावातील सायकलच्या दुकानात झाला.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. पुस्तकी अभ्यासापेक्षा चित्रकला आणि यंत्रे यांचा त्यांना अधिक ओढा होता. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. परंतु रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडणे भाग पडले. तेव्हा त्यांनी यंत्रांच्या आरेखनाकडे मोर्चा वळवला आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी पत्करली.

मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी प्रथम सायकल पाहिली आणि या वाहनाने त्यांना भुरळ घातली. १८८८ मध्ये थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात दुकान थाटले. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकत. एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये असल्याचे सांगितले जाते. सायकल चालवायला शिकवण्याचे १५ रुपये निराळे. सायकल ही त्या काळी केवळ धनिकांनाच परवडणारी वस्तू होती.

या सायकली परदेशी कारखान्यांतून बोटीने येत. तेथे पोलादी नळ्या मापाने कापून, टोकांना जोडतुकडे बसवून, भट्टीच्या आचेवर पितळ वितळवून सांधे पक्के केले जात. मग कानशीने घासून सांधे साफ करायचे, चौकट सरळ आहे का ते तपासायचे, रंगाचे थर देऊन ती भट्टीत भाजायची. चाकाच्या आऱ्यांचा ताण सारखा करून चाकाचा आउट काढणे हे तर निव्वळ हाताच्या कसबाचे काम. नळ्या, छर्रे, साखळी आणि रबर यांतील प्रत्येक वस्तूमागे स्वतंत्र उद्योग उभा होता. भारतात तेव्हा यांतले काहीच मोठ्या प्रमाणावर तयार होत नव्हते. त्यामुळे सायकली विकता येत होत्या, दुरुस्तही करता येत होत्या. त्या बनवणे मात्र आवाक्याबाहेरचे होते.

परक्यांची यंत्रे विकत राहायचे, की स्वतः यंत्रे घडवायची, हा प्रश्न लक्ष्मणरावांपुढे उभा राहिला. नोकरीत बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याची वर्णी लागली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. तेथे छोटीशी कार्यशाळा उभारून त्यांनी आधी कडबा कापण्याची यंत्रे आणि नंतर लोखंडी नांगर तयार करण्यास प्रारंभ केला.

पहिला नांगर १९०३ मध्ये तयार झाला. पण गिऱ्हाईक फिरकेना. लोखंडामुळे जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. अवघे सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली. लाकडी नांगराने पिढ्यानपिढ्या शेती करणाऱ्यांची समजूत काढणे हे नांगर ओतण्याहून कठीण ठरले.

त्यातच नगरपालिकेच्या विस्तार योजनेमुळे कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. रामूअण्णा, शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर असे सहकारी तेथे राबले आणि कारखान्याभोवती गाव उभे राहिले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात कच्च्या लोखंडाची आवक आटली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरील जुन्या तोफा कारखान्याला दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सची मर्यादित कंपनी झाली. कालांतराने पंपांची निर्मिती सुरू झाली. १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रे घडवणाऱ्या यंत्रांचा कारखाना निघाला, तर १९४६ मध्ये पुण्याच्या खडकीत ऑइल इंजिनांचा.

ज्या वस्तूने या प्रवासाला चालना दिली, ती सायकल लक्ष्मणरावांनी कधी बनवली नाही. देशात सायकलींचे मोठे कारखाने निघायला १९३० च्या दशकाची अखेर उजाडली आणि या उद्योगाने खरी उभारी धरली ती स्वातंत्र्यानंतर. मद्रास, सोनिपत, आसनसोल येथे कारखाने सुरू झाले आणि १९५६ मध्ये लुधियानात हीरोच्या सायकलींचे उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी, २६ सप्टेंबर रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. नळ्या, छर्रे आणि साखळ्या आता देशातच तयार होऊ लागल्या होत्या आणि बेळगावच्या दुकानात केवळ धनिकांच्या वाट्याला येणारी सायकल सामान्य कामगाराच्या आवाक्यात येत होती.