रँग्लर परांजपे : गणिती, प्राचार्य आणि स्पष्टवक्ते

आमच्या लहानपणी पुण्यात एखाद्या मुलाला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले, की घरातली वडीलधारी मंडळी हमखास रँग्लर परांजप्यांचे नाव काढायची. इथे दुबई-शारजात वाढणाऱ्या आपल्या मुलांनी ते नाव क्वचितच ऐकले असेल. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा छोटासा प्रयत्न.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी दापोलीजवळच्या मुर्डी या गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे हे नात्याने त्यांचे भाऊ. त्यांनीच रघुनाथला शिक्षणासाठी मुंबईला आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून आणि सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणतात आणि त्यांच्यातल्या पहिल्याला सीनियर रँग्लर. १८९९ मध्ये हा मान एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून परांजप्यांना मिळाला. असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

त्यानंतर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी त्यांना सहज मिळाली असती. पण ते पुण्याला परतले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून महिना ७५ रुपयांवर फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. १९०२ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, ते प्राचार्य झाले. पुण्यात एमबीबीएस करून पोटापाण्यासाठी इथे आलेल्या माझ्यासारख्याला हा ७५ रुपयांचा आकडा वाचताना थोडे ओशाळायला होते, हे कबूल करतो.

राजकारणात परांजपे गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या मवाळ विचारांचे. विद्यार्थ्यांनी आधी शिकावे, चळवळीत उडी घेऊ नये, असे त्यांचे ठाम मत होते. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तिच्यात पुढाकार घेतल्याबद्दल त्यांनी विनायक दामोदर सावरकर या आपल्या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. टिळकांनी 'केसरी'तून त्यांच्यावर कडक टीका केली. कॉलेजात असताना मला हा दंड अन्यायाचा वाटे, आणि खरे सांगायचे तर आजही तो पटत नाही. पण लोक काय म्हणतील म्हणून त्यांनी आपले मत कधी झाकून ठेवले नाही. पुढे असहकाराच्या काळात शाळा-कॉलेजांवरील बहिष्कारालाही त्यांचा विरोधच होता. त्याची किंमत म्हणजे लोकप्रियता. ती त्यांनी आयुष्यभर मोजली.

१९२१ ते १९२३ या काळात ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा याच कारकिर्दीतला. त्यामुळे स्थानिक संस्थांना आपल्या भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा मार्ग मिळाला. अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळांना सरकारी अनुदान मिळणार नाही, हा ठरावही त्याच वर्षीचा. कापडाच्या होळीइतकी याची आठवण निघत नाही, याचे वाईट वाटते.

पुढे ते लंडनमध्ये इंडिया कौन्सिलचे सदस्य, १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर होते. ऐंशीव्या वर्षी, १९५६ मध्ये, त्यांनी पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद स्वीकारले आणि ते १९५९ पर्यंत सांभाळले. आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला या गणितज्ञाने 'एटी फोर नॉट आऊट' असे क्रिकेटचे नाव दिले!

एक गोष्ट सांगायलाच हवी. परांजपे कट्टर बुद्धिवादी होते आणि भारतीय बुद्धिवादी संघटनेचे अध्यक्षही होते. देवधर्म त्यांनी मानला नाही. त्यांची कन्या शकुंतला परांजपे हिने कुटुंबनियोजनाच्या कामाला आयुष्य वाहिले. त्या काळी हा विषय काढणेसुद्धा अवघड होते, हे आम्हा डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे ही त्यांची नात. ६ मे १९६६ रोजी, नव्वदाव्या वर्षी, रँग्लर परांजपे गेले.

देवाच्या उत्सवात नास्तिकाचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. आपला गणपती बुद्धीची देवता आहे. मिळालेली बुद्धी इतक्या प्रामाणिकपणे वापरणाऱ्या माणसाची आठवण त्याच्या मांडवात काढली, तर तो नक्कीच रागावणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!