बोथट हत्याराने शिकवलेला धडा : काउंट रम्फर्ड



दाताचं इम्प्लांट बसवताना डॉक्टर जबड्याच्या हाडात भोक पाडतात. त्या वेळी ड्रिलवर सलाईनचं पाणी सतत सोडलं जातं. का बरं? घर्षणाने हाड तापतं! सुमारे ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर राहिलं, तरी हाडाला इजा होते असं मानतात. मग इम्प्लांट नीट धरत नाही. ड्रिल झिजून बोथट झालं की उष्णता आणखी वाढते, म्हणून ते वेळेवर बदलावं लागतं.

ही उष्णता येते कुठून? याचा छडा लावणारा माणूस एकेकाळी आपल्यासारखाच शिक्षक होता.

बेंजामिन थॉम्पसनचा जन्म २६ मार्च १७५३ रोजी अमेरिकेतल्या वोबर्न गावी झाला. वडील लवकर वारले. तरुणपणी तो काँकर्ड गावात मास्तर झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मात्र त्याने इंग्रजांना गुप्त बातम्या पुरवल्या आणि १७७६ मध्ये बायको-मुलीला मागे ठेवून इंग्लंड गाठलं. ही बाजूही मुलांपासून लपवू नये.

पुढे तो बव्हेरियाच्या सेवेत गेला. म्युनिकमध्ये त्याने भिकाऱ्यांना काम आणि अन्न मिळेल अशी सोय केली. त्याला काउंट हा किताब मिळाला, तेव्हा त्याने काँकर्डचंच जुनं नाव घेतलं : रम्फर्ड.

तिथल्या तोफखान्यात पितळी तोफा पोखरताना भयंकर तापत. उष्णता म्हणजे कॅलरिक नावाचं अदृश्य द्रव्य, असं तेव्हा विद्वान मानत. धातू कापला की ते बाहेर पडतं म्हणे! रम्फर्डने मुद्दाम बोथट हत्यार घेतलं, तोफेच्या धातूभोवती पाण्याची पेटी बसवली आणि यंत्र घोड्यांकडून फिरवलं. अडीच तासांत पाणी उकळलं, तेही विस्तवाशिवाय! कीस अगदी थोडा पडला, उष्णता मात्र थांबेना. द्रव्य असतं तर कधीतरी संपलं असतं ना? म्हणजे उष्णता ही गतीच, असं त्याने १७९८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलं. त्याचं म्हणणं सर्वांना पटायला मात्र पुढची काही दशकं लागली.

२१ ऑगस्ट १८१४ रोजी पॅरिसजवळ त्याचं निधन झालं.

उद्या वर्गात मुलांना तळहात जोरात घासायला सांगा. हात गरम झाले की विचारा, ही ऊब आली कुठून? उत्तर लगेच सांगू नका बरं का. मुलांना थोडं अडखळू द्या. रम्फर्डही आधी प्रश्नापाशीच थांबला होता.