पं. भातखंडे : कागदावर उतरलेले गाणे

मुंबईतील वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म झाला. १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली आरंभली. मन मात्र संगीतातच रमले. १९०० मध्ये पत्नीचे आणि १९०३ मध्ये कन्येचे निधन झाल्यावर त्यांनी उर्वरित आयुष्य संगीतालाच वाहिले. १९०४ मध्ये दक्षिणेचा आणि पुढे उत्तरेचा प्रवास करून त्यांनी जुने ग्रंथ धुंडाळले, गवयांच्या भेटी घेतल्या, चिजा जमवल्या.

हे काम वाटते तितके सरळ नव्हते. बंदिशी गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात उतरत आणि वाटेत प्रत्येकाची भर पडे. एखाद्या गवयाने मैफलीत आयत्या वेळी घेतलेली सुंदर जागा शिष्य जपून ठेवी आणि पुढच्या पिढीला तो बंदिशीचाच भाग वाटे. एकच चीज दोन घराण्यांत दोन रूपांत आढळे. मग मूळ रचना कोणती आणि गायकाची उपज कोणती? स्वरलिपीत लिहावयाचे तर त्यातले एक रूप निवडणे भाग होते.

भातखंडे यांनी ही जोखीम पत्करली. सोप्या स्वरलिपीत त्यांनी सिद्ध केलेल्या क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत सुमारे अठराशे चिजा आहेत. 'चतुर' या नाममुद्रेने त्यांनी स्वतःही रचना केल्या. विशेष म्हणजे, विद्यार्थ्यांना राग कसा वाढवावा हे कळावे म्हणून त्यांनी स्वरविस्तारही लिहून दिले. जी गोष्ट ऐन वेळी सुचावयाची, तिचाच नमुना छापला गेला. तो पाठ करून म्हटला की उपजेचीही रचनाच होते. लिपीत गाणे मावत नाही, हा आक्षेप आजही घेतला जातो, तो याचसाठी. परंतु त्या वह्या भरल्या नसत्या, तर अनेक चिजा गवयांबरोबरच लोपल्या असत्या.

१९१६ च्या बडोदे संगीत परिषदेमागे त्यांचीच प्रेरणा होती. १९२६ मध्ये लखनौचे संगीत महाविद्यालय उभे राहिले. १९३३ मध्ये पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, त्यांचे निधन झाले.

मालिकेतील एकाच पानावरची बंदीश आजही दोन गायक दोन तऱ्हांनी गातात. कागदावर स्थायी-अंतरा तेवढा स्थिरावला. गाणे चालतेच राहिले.