विश्लेषण : ना घर, ना शाळा, तरीही पंडिता रमाबाई घडल्या कशा?

चाकण, म्हाळुंगे, भोसरी, तळवडे या पट्ट्यात जूनमध्ये नाव घातलेले मूल दिवाळीनंतर त्याच वर्गात दिसेल, याची खात्री शिक्षकांना नसते. वडिलांचे कंत्राट संपते, बांधकामाची साइट हलते, खोलीचे भाडे परवडेनासे होते आणि बिऱ्हाड पुढे सरकते. अशा फिरत्या घरातल्या मुलाचे शिकणे कशाच्या आधारावर टिकते? आणि घर जे देऊ शकत नाही, त्याची किंमत मूल कधी मोजते? पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सापडतात. त्यांचे बालपण पूर्णपणे रस्त्यावर गेले. पुढे याच पुणे जिल्ह्यात, केडगावला, त्यांनी शेकडो बेघर मुलींसाठी घर उभे केले.

रमाबाईंच्या आईला शिकवले कोणी?

रमाबाईंच्या शिक्षणाची गोष्ट त्यांच्या जन्माआधी सुरू होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे मंगळूर परिसरातले. तरुणपणी ते पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे संस्कृत शिकत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यावर पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवायला जात. बाईमाणूस संस्कृत श्लोक म्हणते आहे, हे ऐकून तरुण अनंतशास्त्री चकित झाले. आपल्याही बायकोला शिकवायचे, हे त्यांनी तेव्हाच ठरवले.

पहिल्या संसारात ते जमले नाही; घरच्यांचा विरोध होता आणि पत्नीलाही त्याची गोडी नव्हती. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर वयाच्या ४४व्या वर्षी त्यांनी नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न केले. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळात या लग्नाला कोणी नावे ठेवली नाहीत. गहजब झाला तो त्यांनी तिला संस्कृत शिकवायला घेतले म्हणून. उडुपीला धर्मपंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राधार काढून आपली बाजू मांडली, तरी गावात राहणे अवघडच झाले. शेवटी पत्नीला घेऊन ते सह्याद्रीच्या रानात गंगामूळला गेले. पहिल्या रात्री वाघाची डरकाळी ऐकून लक्ष्मीबाई पासोडीत अंग मुरडून पडून राहिल्या आणि शास्त्रीबुवा पहाटेपर्यंत जागे राहिले. पुढे तिथे घर झाले, शिकायला विद्यार्थी येऊ लागले. २३ एप्रिल १८५८ रोजी रमाचा जन्म याच ठिकाणचा.

हे घरही फार काळ टिकले नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंचे आणि विद्यार्थ्यांचे आदरातिथ्य करता करता कर्ज झाले. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटाऱ्यात घालून, मजुराच्या डोक्यावरून तिचा पहिला प्रवास झाला. त्यानंतर कित्येक वर्षे या कुटुंबाला कायमचा पत्ता नव्हता. देवळात, नदीच्या घाटावर, झाडाखाली पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर भागवायचे आणि पुढच्या गावाला निघायचे.

शाळेशिवाय शिक्षण कसे झाले?

रमा शिकण्याच्या वयाची झाली तोपर्यंत वडील थकले होते. मोठा भाऊ श्रीनिवास आणि बहीण कृष्णाबाई यांना त्यांनी शिकवले होते. धाकटीला शिकवायचे काम आईकडे आले. वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत लक्ष्मीबाईच तिच्या गुरू होत्या.

दिवसभर आईला उसंत नसे. स्वयंपाक, मुले, नवऱ्याची सेवा, शिवाय पुराण सांगणेही. म्हणून त्यांनी पहाटेची वेळ काढली. पाखरे किलबिलायच्या सुमाराला त्या मुलीला जमिनीवरच्या अंथरुणातून हळूच उठवत, जवळ घेत आणि पाठ सुरू करत. हातात पुस्तक नसे. आई म्हणे ते मुलगी म्हणे. या पद्धतीने अमरकोश, कौमुदी, गीता झाली आणि बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे १८ हजार श्लोक रमाला पाठ होते. पुढे अमेरिकेत १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे गाजलेले पुस्तक निघाले, ते रमाबाईंनी आईच्या स्मृतीला अर्पण केले.

पाठांतराची ही पद्धत आज कोणत्याही शाळेने तशीच्या तशी उचलावी अशी नाही. लक्ष द्यायचे ते त्या वेळेकडे. गाव बदलले, धर्मशाळा बदलली, पण पहाटेची ती वेळ आणि जवळ घेणारी ती व्यक्ती बदलली नाही. एका मुलीच्या वाट्याला रोज काही काळ एका मोठ्या माणसाचे पूर्ण लक्ष येत होते. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यांच्या गावात नेमकी हीच गोष्ट दुर्मीळ असते. वडील रात्रपाळीहून येतात तेव्हा मूल शाळेला निघालेले असते आणि आई दुसऱ्याच्या घरची भांडी आटोपून परतते तोवर ते झोपलेले असते. शिक्षण हक्क कायद्याने स्थलांतरित मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावे लागते, दाखल्याअभावी प्रवेश अडवता येत नाही. ती सोय शाळेच्या दारापर्यंतची आहे.

फिरस्तीने रमाला आणखी एक गोष्ट दिली. घरात मराठी, पोथीत संस्कृत, वाटेत कानडी आणि हिंदुस्थानी, पुढे बंगाली. या भाषा तिने ऐकून, बोलून, मिळेल तो कागद वाचून उचलल्या. खोल्यांच्या चाळीत भोजपुरी, ओडिया, मराठवाडी आणि हिंदी एकाच वेळी कानावर पडणारी मुले आजही अशीच शिकतात. शाळेत मात्र त्यांची ही कमाई बहुतेक वेळा उच्चारातली चूक म्हणून मोजली जाते.

घराने काय दिले नाही?

मोठ्या मुलीचा बालविवाह फसला होता, म्हणून आईवडिलांनी रमाचे लग्न लहानपणी केले नाही. त्या काळात हे मोठे धाडस होते. पण हेच घर काही बाबतींत फार बंदिस्त होते. मुलांनी बाहेरच्यांत मिसळायचे नाही, पोथीबाहेरचे शिकायचे नाही. हाताने काम करून पोट भरण्याची कला कोणालाच आली नाही; उलट ते कमीपणाचे वाटे.

१८७४ मध्ये त्याची किंमत मोजावी लागली. दक्षिणेत दुष्काळ होता, पुराण ऐकायला आणि दक्षिणा द्यायला कोणी उरले नव्हते. जवळचे दागिने, भांडी, कपडे विकून झाले. मजुरी करता येत नव्हती आणि भीक मागता येत नव्हती. कुटुंब मरणाच्या तयारीने रानात गेले आणि पाण्यावर, झाडपाल्यावर कित्येक दिवस काढले. वडील गेले. काही आठवड्यांत आई गेली. आईच्या शेवटच्या दिवसांत रमा एका घरी भाकरीचा तुकडा मागायला गेली, तर दारात उभे राहून तिच्या तोंडून शब्द फुटेना. रडणाऱ्या मुलीला पाहून त्या घरच्या बाईने आपणहून भाकरी दिली. आईची तिरडी उचलायला माणसे पुरेनात. भावाबरोबर रमाही खांदेकरी झाली आणि उंची कमी पडत असल्याने तिने तिरडी डोक्यावर घेतली. मग बहीणही गेली.

उरलेले भाऊबहीण पायी देशभर फिरले. पंजाबात थंडीने रात्र निघेना, तेव्हा नदीकाठच्या वाळूत खड्डे करून त्यांनी मानेपर्यंत स्वतःला पुरून घेतले. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. आईचे पहाटेचे पाठ असे लोकांसमोर आले. दोन वर्षांत भाऊही वारला. रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि पुढच्याच वर्षी बिपिन बिहारी पटकीने गेले.

पुण्यात आणि परदेशात काय शिकल्या?

१८८२ मध्ये तान्ह्या मनोरमाला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीडॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात उठलेले वादळ सर्वांना माहीत आहे. कमी माहीत आहे ती मायलेकींची ओढाताण. रमाबाई चेल्टनहॅमला शिकत असताना मनोरमा वाँटेजच्या मठात राहत होती. मुलीला काय शिकवायचे आणि कोणत्या वळणाने वाढवायचे यावरून रमाबाई आणि मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यात सतत खटके उडत. मूल सांभाळणारे आणि मुलाचे आईबाप वेगळे असले की कोणाचे चालायचे, हा प्रश्न नातवंडे गावी ठेवून चाकणला आलेल्या अनेक घरांत ओळखीचा आहे.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथेच रमल्या. फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलच्या बालवाडी पद्धतीचे शिक्षण घेतले. जर्मनीच्या या शिक्षणतज्ज्ञाने लहान मुलाचे शिकणे खेळ, गाणे आणि हातांचे काम यांत असते हे मांडले होते. आईने बाळाला खेळवण्याच्या गाण्यांचे त्याचे पुस्तकच आहे. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या बाईने लाकडी ठोकळ्यांची शाळा शिकून घ्यावी, यात त्यांची धाव दिसते. त्या पद्धतीवर मराठी वाचनपाठ तयार करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले.

मुक्तीत काय वेगळे होते?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. पुढच्या वर्षी सदन पुण्यात आले. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, असा आरोप झाला. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपली खोली आणि आपली प्रार्थना उघडी ठेवण्याचा हक्क रमाबाईंना सोडायचा नव्हता. पालकांनी मुली पाठवल्या होत्या त्या वेगळ्या भरवशावर. दोन्ही बाजूंचे दुखणे खरे होते.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि तिथे त्यांना बावीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे कुटुंब दिसले. त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणि बालविधवा आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला. इतक्या मुली शहरात ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर मुक्ती सदन वसले. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

या घरात आपल्या घरातली उणीव रमाबाईंनी जाणूनबुजून भरून काढली. अक्षरओळख होतीच, पण त्याबरोबर शेती, दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना, रुग्णसेवा यांतले काही ना काही प्रत्येक मुलीच्या हाताला येई. पुन्हा दुष्काळ आला तर यातली एकही मुलगी दारात मुकी उभी राहू नये, असा त्याचा हिशेब. अंध मुलींसाठी ब्रेलची सोय झाली. ते काम मनोरमाचे. कामाला जातीचा शिक्का नव्हता. ब्राह्मण घरात वाढलेल्या आणि मजुरीची लाज शिकलेल्या बाईसाठी ही मोठी मजल होती.

परदेशातून शिकून आलेली मनोरमा आईची उजवा हात झाली. मुक्तीची पुढची धुरा तीच घेणार, हे गृहीत होते. जुलै १९२१ मध्ये चाळिशीतच ती गेली. रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक समजावे म्हणून त्या भाषाही त्यांनी उतारवयात शिकून घेतल्या होत्या. भाषांतर त्यांनी पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ते छापले मुक्तीतल्याच बायकांनी, आपल्याच छापखान्यात. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी आजही केडगावला थांबते आणि मुक्तीत आजही निराधार मुली राहतात, शिकतात.